पुष्पाताई टेलिफोनचा शोध लावतात

आमच्या समोरच्या दाराची बेल वाजवली तर आतून ‘कोण आहे?’ असं कोणी विचारत नाही. आतून खणखणीत आवाज येतो, “नमस्कार, कोणाशी बोलायचंय?” आता त्या घरात माणसं दोनच. एक पुष्पाताई स्वतः आणि दुसरे त्यांचे यजमान, अण्णा. तरी आपण शहाण्यासारखं म्हणायचं, “पुष्पाताई आहेत का?” मग आतून उत्तर येतं, “लाइनवर राहा, देते.” चपला फरफटल्याचा आवाज होतो, दार उघडतं आणि त्याच बाई म्हणतात, “हं, बोला. पुष्पा बोलतेय.”

पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करतात. दुसऱ्यांदा वाटलं, डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. मग ओळख वाढली तेव्हा कळलं, की या बाई सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या. लग्नाआधी बसल्या त्या केस पांढरे होईपर्यंत. साहेब, गोडाऊन, कँटीन, गेट, सगळ्यांच्या तारा यांच्या हाताखालून जायच्या. इकडची खुंटी तिकडे खुपसली की दोन माणसं बोलायला मोकळी. पुढे निवृत्त झाल्या, तो बोर्डही भंगारात गेला, पण बाईंच्या डोक्यातला बोर्ड काही बंद पडला नाही.

हळदीकुंकवाला यांना बोलावलं की बायकांची पंचाईत. दोन अनोळखी बायका दिसल्या की ही मध्ये उभी. “मंगलताई, या शकूताई. शकूताई, मंगलताई लाइनवर आहेत. बोला.” आणि स्वतः चालू पडायचं. मंगलताई आणि मी हातात वाण घेऊन एकमेकींकडे बघत राहायचो. शेवटी काहीतरी बोलावंच लागायचं. माझ्या निम्म्या मैत्रिणी अशा पुष्पाताईंनी जोडून दिलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू?

पंचवटीच्या बाजारात एकदा आम्ही बरोबर गेलो होतो. मेथीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. पुष्पाताई त्याच्या तोंडासमोर जाऊन, “हॅलो? हॅलो?” तो दचकलाच. म्हणाला, “ओ आजी, समोरच हाय ना मी! हॅलो काय करता?” तर या म्हणतात, “मघापासून एंगेज लागताय.”

मोबाइल मात्र यांना आवडत नाही. आहे घरात, मुलीनं पाठवलेला. पण त्याच्याकडे बघताना चेहरा असा, जसा सासूबाई मिक्सरमधल्या चटणीकडे बघायच्या. “यात जोडणारं माणूसच नाही हो,” म्हणतात. “बोट लावलं की लागला. मग त्यात गंमत काय राहिली?”

बाई अशी. आता अण्णा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णा शाळेत खेळाचे मास्तर होते. आवाज असा, की खाली पार्किंगमध्ये ‘आउट!’ म्हणाले तर गंगापूर रोडवरचा रिक्षावाला ब्रेक मारेल. सोसायटीतल्या पोरांच्या क्रिकेटचे अंपायर तेच, भांडण मिटवणारे तेच आणि मॅच संपली की सगळ्यांना घरी नेऊन लिंबू सरबत पाजणारेही तेच. समोरच्या दारात चपलांचा हा ढीग असायचा. मी कितीदा कुरकुर केली असेल की बाई, जायला वाट तरी ठेवा.

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं कसंबसं परत आलं, पण शब्द गेले ते गेलेच. समजतं सगळं. पेपर वाचतात, हसतात, चिडतात. बोलायला गेले की मात्र घशातून नुसता एक मोठा, ओढल्यासारखा आवाज निघतो. तुम्हांआम्हांला त्याची सवय होते हो, पण पोरांना कशी व्हावी? खालच्या मजल्यावरची रेवा एकदा बॉल मागायला गेली. अण्णांना इतका आनंद झाला, की ते उठून काहीतरी बोलायला लागले. पोरगी किंचाळत जिना उतरली. त्या दिवसापासून दारात चपला दिसायच्या बंद झाल्या.

आणि त्या दिवसापासून पुष्पाताई अण्णांच्या वतीनंही बोलायला लागल्या. “अण्णा म्हणतात, शकूताईंना चहा टाक.” “अण्णा म्हणतात, आज उकाडा फार आहे.” अण्णा तिकडे मान हलवून ‘नाही, नाही’ करत असायचे, तरी ही म्हणणार, “बघा, तेही तेच म्हणतात.” मला हसू यायचं. अण्णा डोळे वटारायचे. एकदा ‘अण्णा म्हणतात, पोहे कर’ झाल्यावर मी म्हटलं, “अहो, त्यांना पोहे नको असतील.” तर म्हणाल्या, “छे! चाळीस वर्षं पोहेच खाल्लेत त्यांनी. आज काय नवीन सांगणार आहेत?”

या उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या, तशा एका दुपारी पुष्पाताई माझ्याकडे आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. बाई टोकावर बसली की समजावं, काहीतरी ठरवून आली आहे.

“शकूताई, उन्हं कलली की अण्णा दाराकडे तोंड करून बसतात. मी टीव्ही लावते, तरी तोंड दाराकडेच. पोरं घरात आली पाहिजेत. या सुट्टीत. शाळा उघडायच्या आत.”

“अहो, पण बळजबरीनं कशी येतील? खाऊ ठेवून बघा.”

“खाऊसाठी आलेलं पोर खाऊ संपला की जातं. मी त्यांना टेलिफोन शिकवणार.”

मी म्हटलं, “पुष्पाताई, तीन वर्षांच्या पोराच्या हातात टेलिफोन असतो हल्ली.”

“हातात असतो. कसा झाला ते माहीत असतं का? तुम्हाला माहीत आहे?”

मला नव्हतं माहीत. तर पहिली विद्यार्थिनी मीच झाले.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये वर्ग भरला. आठदहा पोरं आली, त्यातली निम्मी लाइट गेले होते म्हणून आलेली. पुष्पाताईंनी एका पातेल्यावर फुगा कापून ताणून बसवला होता, पापडासारखा घट्ट. त्यावर चिमूटभर रवा.

“बाळांनो, आवाज म्हणजे काय?”

“व्हायब्रेशन!” सोहम म्हणाला. हा सातवीतला, सगळं माहीत असलेला.

“तेच. इंग्रजीत थरथरलं तरी ती थरथरच. बघा.” आणि पातेल्याजवळ तोंड नेऊन बाई ओरडल्या, “हॅलोऽऽ!”

रवा टणाटणा नाचायला लागला. पोरं पुढे सरकली. “हात कोणी लावला का? नाही ना? आवाजानं हवेला ढकललं, हवेनं फुग्याला, फुग्यानं रव्याला. तुमच्या कानातही असाच एक पडदा आहे. तो थरथरला की तुम्ही म्हणता, आईनं हाक मारली.”

“आजी, हे यूट्यूबवर आहे,” सोहम म्हणाला.

“असेल. यूट्यूबवरचा रवा तुझ्या नाकात जातो का?” आणि तिनं असा काही ‘हॅलो’ ठोकला, की रवा सोहमच्या नाकात गेला आणि उरलेला नेमके त्याच वेळी जिन्यातून उतरणारे आमचे सेक्रेटरी खैरनार, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

“हे काय चाललंय, पुष्पाताई?”

“टेलिफोनचा शोध चाललाय. तुम्ही मधे आलात.”

पोरं खिदळली. ती हसली म्हणजे उद्या येणार, एवढं मला कळलं.

आणि आली की! मग रोज थोडी थोडी गोष्ट पुढे. पुष्पाताईंची गोष्ट अशी, की सातासमुद्रापलीकडे एक मास्तर होता, बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा. त्याच्या आईलाही नीट ऐकू यायचं नाही. “आता ज्याच्या घरात आवाज पोचत नाही, त्याच्याच डोक्यात आवाज घुमणार की नाही? भुकेल्यालाच भाकरी दिसते.”

“नाव काय त्याचं?” सोहमनं विचारलं.

“नाव परीक्षेत लिही. माझ्याकडे तो मास्तरच.”

रेवानं विचारलं, “दोरीचा फोन करतात, तसाच केला का त्यानं?”

“दोरीवरून थरथर जाते, पण दोरी किती लांब नेणार? इथून पंचवटीपर्यंत नेली, तर मधे रविवार कारंज्याला कोणीतरी तिच्यावर टॉवेल वाळत घालेल. म्हणून मास्तर म्हणाला, थरथर विजेच्या तारेवर बसवू. इकडचा पडदा जसा हलेल तशी तारेतली वीज कमी-जास्त होईल, आणि तिकडचा पडदा तिच्या तालावर हलेल. आवाज स्वतः तारेतून जात नाही, बरं का. त्याची चाल जाते. तिकडे पोचली की तिचा पुन्हा आवाज होतो.”

मला तर बाई हे पहिल्यांदाच कळलं. जन्मभर वाटत होतं, शब्दच तारेतून घरंगळत येतात.

पण वर्ग पार्किंगमध्येच भरायचा आणि तिथेच सुटायचा. वर कोणी येईना. पुष्पाताई म्हणायच्या, “चला, सरबत देते,” की पोरांना एकदम घरची कामं आठवायची. रेवा तर समोरच्या जिन्याकडे पाहायचीसुद्धा नाही. वर दुसऱ्या मजल्यावर अण्णा बाल्कनीत बसून सगळं पाहत असायचे.

तेव्हा पुष्पाताईंनी ठरवलं, की पोरं वर येत नाहीत तर दोरी खाली सोडू.

पहिला प्रयत्न सुतळीचा. त्यांच्या भावाच्या द्राक्षबागेतून आलेली, वेली बांधायची सुतळी. “एवढे घड पेलते, आवाज नाही पेलणार?” नाही पेलला. सुतळी केसाळ, जाडजूड, मधे हा झोळ. खाली पोरं पेला कानाला लावून उभी, ऐकू येतंय ते थेट वरून. दुसऱ्या दिवशी शिवणाचा दोरा आणला, तो ताणताना तुटला. तिसऱ्या दिवशी दोरी बाल्कनीच्या ग्रिलला घासत होती. खैरनार येऊन म्हणाले, “बाल्कनीतून वायर सोडायची परवानगी नाही सोसायटीत.” पुष्पाताई म्हणाल्या, “वायर कुठे आहे? दोरा आहे. वायरपर्यंत अजून पोचलोच नाही आम्ही.”

मी त्यांना म्हटलं, “राहू द्या आता. शाळा उघडायला आल्या.”

“त्या मास्तरालाही सगळे हेच म्हणत होते,” त्या म्हणाल्या. त्या मास्तराला असं कोणी म्हणालं होतं की नाही, देव जाणे. पण बाईंच्या तोंडावर असा निश्चय होता, की मीच दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.

शेवटी सोहमच घरून संक्रांतीची आसारी घेऊन आला. पतंगाचा उरलेला दोरा होता तिच्यावर. मांज्याचा भाग तोडून टाकला आणि पांढरा साधा दोरा घेतला. ग्रिलच्या चौकोनातून कुठेही न टेकता तो खाली कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ताणला. दोन्ही टोकांना कागदी पेले. सोहमनं बोटानं दोरा छेडला तर तंबोऱ्यासारखा बोलला.

रेवानं खालचा पेला कानाला लावला. वर पुष्पाताई. मी खाली पोरांजवळ.

“ऐकू येतंय! आजी बोलतायत!” रेवा उड्या मारायला लागली. “म्हणतायत, अण्णा म्हणतात, मुलांनो कसे आहात? अण्णा म्हणतात, खूप दिवसांत खेळायला आला नाहीत…”

आणि रेवा थांबली. पेला कानावरून काढला आणि मान वर करून ओरडली, “आजी, हा तर तुमचाच आवाज आहे!”

“निरोप अण्णांचा आहे गं!”

“पण मग अण्णांकडे द्या ना पेला! तुम्हीच काय दोन्हीकडनं बोलता?”

पोर सात वर्षांचं. तिच्या मनात काही नव्हतं, तिला आपला खेळ नीट व्हायला हवा होता. वर पुष्पाताई ग्रिलला धरून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं त्या जिना उतरून आल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “मी दिला पेला त्यांच्याकडे. घेत नाहीत. तोंड फिरवलं. पोर परत घाबरून पळालं तर, म्हणून भितात ते. तुम्ही वर जा, शकूताई. नुसत्या शेजारी बसा. मी इथे पोरांशी बोलते.”

मी वर गेले. अण्णा भिंतीकडे बघत बसले होते. पेला मांडीवर, दोरा सैल पडलेला. मी शेजारी बसले आपली. खालून पुष्पाताईंचा आवाज येत होता, बोर्डावरचा खणखणीत. तो काही फक्त पोरांसाठी नव्हता.

“आता ऐका. मास्तराच्या तारेतून पहिल्यांदा काय आलं, सांगा बरं?”

“हॅलो!” पोरं ओरडली.

“नाही. शब्द आलाच नाही. मास्तर एका खोलीत, त्याचा मदतनीस दुसऱ्या खोलीत. मदतनिसाची एक पट्टी यंत्रात अडकली. त्यानं ती बोटानं उचकटली. टण्ण! आणि इकडे मास्तराला तारेतून ती ऐकू आली. नुसती टण्ण. तिला अर्थ नाही, अक्षर नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे, हे काय बोलणं झालं? पण मास्तर धावत गेला. म्हणाला, काय केलंस, पुन्हा कर! कारण त्याला कळलं, की आवाज पोचतोय. एवढा पोचला तर सगळं पोचेल. शब्द यायला पुढे किती महिने लागले. पण शोध लागला तो त्या टण्णच्या दिवशी. कळलं?”

“कळलं,” रेवा म्हणाली.

“मग कानाला लाव. आणि पहिल्यांदा काय येईल ते येईल.”

मी अण्णांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी पेला खाली ठेवला असता, असं मला वाटलं. मी समोरच्या आंब्याच्या झाडाकडे बघत बसले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की मांडीवरचा पेला त्यांनी डाव्या हातानं उचलला. दोरा ताणला गेला. पेला तोंडाशी गेला, खाली आला. परत गेला.

आणि अण्णांच्या घशातून तो आवाज निघाला. ओढल्यासारखा, लांब.

खालून काहीच येईना. मला वाटलं, आता जिन्यात पावलं वाजतील, पोर पळेल, आणि हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

“आला!” रेवा किंचाळली. “आवाज आला! एकदम कानात आला! गुदगुल्या झाल्या!”

“काय म्हणाले?” सोहम.

“अरे, शब्द नाही आले. पहिल्यांदा नसतात येत, आजींनी आत्ता सांगितलं ना, तू ऐकत नव्हतास का?” आणि मान वर करून, “अण्णा, पुन्हा करा!”

अण्णांनी पुन्हा केला. मग सोहमची पाळी. मग सगळ्यांची. कोणी ढकलाढकली करतंय, कोणी ‘माझा नंबर’ म्हणतंय. खैरनार भाजी घेऊन आले, ते दोऱ्याला धक्का लागू नये म्हणून स्वतः वाकून गेले. शेवटी रेवा ओरडली, “अण्णा, आता तुम्ही कानाला लावा, मी बोलते!” अण्णांनी पेला कानाला लावला. ती काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही. दोऱ्यावरचं बोलणं दोघांचंच असतं. पण अण्णा एवढे हसले, की खुर्ची हलली.

त्या संध्याकाळी पोरं वर आली. रेवा उंबऱ्याशी जरा थबकली. अण्णांनी तिच्याकडे पाहून हात हलवला, आणि मग ती आत गेली. सरबत कमी पडलं, म्हणून मी माझ्या घरची लिंबं नेली.

शाळा उघडल्या. पोरं आता रोज येत नाहीत, अभ्यास असतो, क्लास असतात. पण रविवारी येतात. अण्णा बाल्कनीतून अंपायरिंग करतात. बोट वर केलं की आउट, त्याला शब्द कशाला लागतात?

परवा दुपारी मी दळण घेऊन येत होते. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीशी पुष्पाताई एकट्या उभ्या. पेला कानाला लावलेला, डोळे मिटलेले. दोरा वर बाल्कनीपर्यंत ताणलेला आणि वर अण्णांच्या तोंडाशी दुसरा पेला. घरात शेजारी शेजारी बसणारी ही दोन माणसं.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “काय म्हणतायत अण्णा?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर करून मला थांबवलं.

मग म्हणाल्या, “कळत नाही हो अजून. पण पोह्यांचं नक्की नाहीये.”